तहानलेली केळी

पैज जिंकली तर धाकट्या सुनेला मिळणार होती केळी पिकवायच्या दोन खोल्यांची किल्ली, आणि वर थोरल्या दिरांचा अबोला. हरली तर जन्मभराचे टोमणे. तरीही तिने पदर खोचला.

ती किल्ली दिरांच्या कमरेला इतकी वर्षं होती, की काढली तर पँट खाली येईल, असं सासूबाई म्हणायच्या.

एकाच बागेतला हिरवा माल दोन्ही खोल्यांत निम्मा निम्मा भरला. फळांच्या दुकानाची मालकीण ज्याचा माल उचलेल, तो जिंकला. ओलं म्हणजे सडलं, हा दिरांचा कायदा. त्यांनी पंखा थेट फण्यांवर सोडला. तिने आपला पंखा भिंतीकडे वळवला, फरशीवर पाणी मारलं आणि ओली करून टांगायला पोती मागितली.

"पोती नाहीत," दीर म्हणाले. "आणि पाणीवाले, खोलीत बेडूक झाले तर मला हाक मारू नकोस."

तिने कपाट उघडलं, माहेरच्या सुती चादरी काढल्या, भिजवल्या आणि खोलीभर टांगल्या. वाळल्या की पुन्हा भिजवायच्या.

दिरांची केळी आधी पिवळी पडली. घरभर मिरवून झालं. नवरा कुजबुजला, "अगं, दादाची पिकली. तुझी अजून पोपटासारखी. सोड हट्ट, फिरव पंखा."

"पिकली नाहीत, तहानली आहेत," ती चादर पिळत म्हणाली. "तोडलेल्या फळाला मूळ कुठलं? गेलेलं पाणी परत येत नाही. मग ते घाबरून घाईनं पिकतं. रंग भरायला सवड कुठे मिळते? पंख्याला हात लावाल तर बघा!"

नवऱ्याने हात खिशात घातले.

फळांच्या दुकानाची मालकीण माल न्यायला आली तोवर तिची खोलीही पिवळी झाली होती. मालकिणीने आधी दिरांचं केळं दाबलं. "हा काय रंग? धूळ बसल्यासारखा. देठ सुरकुतलेला, आत गाळ. तरुणपणीच म्हातारं झालंय हो!" मग चादरी बाजूला सारून ती आत शिरली. फण्या देठापासून टोकापर्यंत एकसारख्या पिवळ्या, साल ताठ. "हे सगळं द्या."

दिरांनी न बोलता किल्ली काढली. पँट जागेवरच राहिली.

आता हिशेब. दिरांची किल्ली गेली. त्यांची मऊ केळी संपेपर्यंत सगळं घर न्याहारीला तीच खात राहिलं. नवऱ्याने तर केळ्याकडे पाहणंच सोडलं. आणि धाकटीच्या चादरींवर चिकाचे काळे डाग पडले. ते धुऊन निघाले नाहीत. त्या चादरी आता त्याच खोलीत टांगलेल्या असतात, ओल्या.