रेषेमागची पांढरी जागा

मी बोलतेय ती आलेखाच्या मागून. रेषा दिसते, आकडे दिसतात. त्यांच्यामागे जे पांढरंशुभ्र काही असतं ना, ती मी, पार्श्वभूमी. माझ्याकडे मुद्दाम कोणी बघत नाही. म्हणून मला मात्र माणसं निवांत बघता येतात.

माझा जन्म संगणकाच्या कोडच्या ओळींतून झाला. नदीची पातळी मोजणाऱ्या कार्यालयातली एक बाई त्या ओळी लिहायची. आम्हाला कोणी रंग सांगितला नाही की आम्ही आपल्या पांढऱ्या. आम्ही म्हणजे दोघी बहिणी. थोरली चित्रभर पसरलेली आणि मी धाकटी आतल्या चौकटीत, थेट रेषेच्या पाठीशी. एकीवर एक अशा बसलेल्या, की दोघी आहोत हे कोणाच्या गावीही नसतं.

त्या आठवड्यात नदी चढत होती. बाईची आत्या नदीलगतच्या गल्लीत एकटी राहायची आणि घर सोडायला काही केल्या तयार नव्हती. ती हलत नाही म्हणून बाकीची गल्लीही हलेना. बाईने आकडे सांगितले, आलेख दाखवला. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

"तुझी रेघ कागदावर चढतेय गं," आत्या म्हणाली, "माझ्या दारात कुठे चढलीय?"

हे बाईच्या मनाला लागलं. तिने गल्लीचा समोरून फोटो काढला, घरांच्या उंचीशी आलेखाचं माप जुळवलं आणि आलेख फोटोवर ठेवला. झालं, आम्ही सगळी घरंच झाकून टाकली. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

मग तिने कोडमध्ये पार्श्वभूमी पारदर्शक करायला सांगितली. गेली ती थोरली. कडेचे विजेचे खांब दिसू लागले, पण घरं माझ्याखाली तशीच. शेजारच्या टेबलावरच्या नकाशेवाल्याने तिला चष्मा पुसायचा सल्ला दिला. बाईने कोडच्या ओळी पुन्हा वाचल्या आणि ती पुटपुटली, "अगं, या तर दोन आहेत." मला पहिल्यांदाच कोणीतरी वेगळं मोजलं होतं. मग तिने मलाही पारदर्शक व्हायला सांगितलं.

नाहीसं होताना कसं वाटतं, याची मला भारी उत्सुकता होती. काही दुखलं नाही. माझ्यातून खिडक्या दिसू लागल्या, एक सायकल, दोरीवरचे कपडे. आपल्या पाठीमागे एवढं जग असतं हे मला ठाऊकच नव्हतं.

दुपारी शाळेच्या सभागृहात, जमलेल्या सगळ्या गल्लीसमोर ते चित्र पडद्यावर लागलं. बाईने एवढंच सांगितलं, की ही आपली गल्ली आणि हे येणारं पाणी. निळी रेषा घराघरावरून चढत उद्याच्या तारखेपर्यंत गेली. चित्रात त्या तारखेमागे नेमकं आत्याचं घर होतं.

आत्या उठली, पडद्याजवळ गेली, बोट ठेवलं. "ही माझी खिडकी. रेघ तर वरून गेलीय." ती भाचीकडे वळली. "चल, औषधांची पिशवी घेऊ. आणि शेजारणीलाही सांग."

तिच्यामागून सगळी गल्ली उठली.

मी अजून त्याच फाइलमध्ये आहे, कोणालाही न दिसणारी. तुम्ही आलेख काढाल तेव्हा आम्हा बहिणींना एकदा विचारा, की बायांनो, तुम्ही काय झाकून बसलायत? आम्ही हट्टी नाही, पण दोघींनाही सांगावं लागतं.

आत्याची खिडकी माझ्यातून अजून दिसते. खरी खिडकी पाण्याखाली गेलीय, आणि आत्या भाचीच्या घरी चहा पातळ झाला म्हणून कुरकुरतेय.