मिशी उतरली, ट्रम्पेट मुका झाला

झुलालचा मुलगा सुपडू, सुपडूचा छगन आणि छगनचा कुंदन. शिंदखेड्यातल्या आमच्या बँड पथकात या घराण्याने चार पिढ्या ट्रम्पेट वाजवला. पथक माझ्या सासऱ्यांनी काढले, यजमानांनी वाढवले आणि त्यांच्या पश्चात ते मी चालवते. झुलाल, सुपडू, छगन हे तिघेही दाट मिशांचे. मिशीवर पितळेचे तोंड टेकवूनच त्यांनी फुंकर घातली. कुंदनचेही तेच.

माघात छगन वारला. दहाव्याला तापीच्या काठी कुंदनचे डोके आणि मिशी उतरवली गेली. वस्तरा बोथट होता, वरचा ओठ सोलून निघाला. लग्नसराई तोंडावर आलेली. पहिल्याच सरावाला कुंदनचा ट्रम्पेट फाटक्या आवाजात किंचाळला आणि मग त्यातून नुसती हवा फुसफुसत राहिली.

"अक्का," तो पांढऱ्या चेहऱ्याने म्हणाला, "मना बाप मना आवाज लई गया."

"तुझा बाप कोणाचे काही नेणाऱ्यातला नव्हता. ओठ भरू दे," मी सुनावले.

पण भेदरलेल्या माणसाला धीर धरा असे सांगून भागत नाही. कुंदनने गावात आलेल्या वना महाराजांचे पाय धरले. महाराजांनी दक्षिणा घेऊन ओठाला लावायला अंगारा दिला. अंगारा लागला आणि ओठ आणखी सुजला. इकडे गावात बोलणे सुरू झाले की छगनचा आत्मा पथकावर बसला आहे, जो मिशी काढेल त्याचा श्वास जाईल. पथकातल्या पोरांनी दाढीचे सामान फेकून दिले. लग्नाच्या सुपाऱ्या परत जाऊ लागल्या.

त्यातच कुंदनच्या तान्ह्या मुलीची छाती घरघरू लागली.

मी माझी सून डिंपल हिला घेऊन मुलीला पाहायला गेले, तेव्हा दिवस कलला होता. अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध शेगडीत निखारे फुललेले, आणि त्या निखाऱ्यांत एक विळा खुपसलेला. त्याचे पाते तांबडे होत चालले होते. पलीकडे कुंदनची बायको ज्योत्स्ना मुलीला पदराखाली घेऊन बसली होती. मुलगी रडत नव्हती. तिच्यात रडण्याइतके बळच उरले नव्हते. श्वास घेताना फासळ्यांखाली खळगा पडत होता.

वना महाराज पाटावर बसले होते. भगवी कफनी, गळ्यात माळांचा ढीग, चेहरा मात्र गुळगुळीत. पुढ्यात पथकाचे तीन ट्रम्पेट.

"हे पितळ नव्हे, हा तुमच्या पितरांचा कंठ आहे!" त्यांनी हात उंचावले. "मी जन्मात वाद्याला शिवलो नाही. शिवलो तर साधना भंगेल. माझा मंत्रच बोलेल!"

त्यांनी ट्रम्पेटांवर काळी घोंगडी टाकली, दोन्ही हात तिच्याखाली घातले आणि डोळे मिटून पुटपुटू लागले. जन्मात न शिवणाऱ्याचे हात घोंगडीखाली इतका वेळ काय करीत होते, हे कोणीही विचारले नाही.

घोंगडी निघाली. महाराजांनी पथकातल्या ललितला पुढे बोलावले. ललितच्या मिशा अजून शाबूत होत्या. त्याने ट्रम्पेट तोंडाला लावला, गाल फुगवले, डोळे बाहेर आले. आवाज नाही. दुसरा घेतला, तिसरा घेतला.

"अक्का," तो ट्रम्पेट खाली ठेवत म्हणाला, "मी जशी भिंतीले फुंकर मारी ऱ्हायनू!"

गर्दी मागे सरली. कोणीतरी रामराम म्हणू लागले.

"पाहिलंत? तीन पिढ्यांचा श्वास अडकला," महाराजांचा आवाज खाली उतरला. "आता तो या पोरीच्या छातीत शिरतो आहे. बापाचा आवाज गेला, उद्या लेकीचा श्वास जाईल. पोटावर डाग द्या. आत्ता."

"दी टाक व माय," एक म्हातारी ज्योत्स्नाला म्हणाली. "आमना बठ्ठासना पोटवर डाग शेतस. मरनूत का आम्ही?"

"ज्या मेल्या त्या सांगायला इथे बसलेल्या नाहीत," मी म्हणाले. "ललित, तो विळा हौदात टाक."

पोलाद पाण्यात चरचरले. महाराज पाटावरून उठले.

"माताजी, देवाच्या कामात आड येऊ नये."

"मला माताजी म्हणू नकोस. माझ्या पोटी आला असतास, तर कष्टाची भाकरी खाल्ली असतीस. तो अंगारा इकडे दे."

मी चिमूटभर अंगारा जिभेच्या टोकाला लावला. जीभ भाजली. मग बाजूला पान चघळत बसलेल्या त्याच म्हातारीपुढे मी पुडी धरली. "तू पान खातेस. सांग, काय आहे हे?"

तिने चाखले आणि थुंकले. "चुना शे व! राखमा निव्वळ चुना!"

"सोललेल्या ओठाला रोज चुना लावला तर ओठ सुजणार नाही तर काय? आता तो ट्रम्पेट."

दर हंगामाआधी या वाद्यांना तेल मीच घालते. बोटांनी दाबायच्या तीन कळांखाली तीन पोकळ दट्टे असतात, दट्ट्यांना भोके असतात. भोक नळीच्या तोंडासमोर आले की वाट मोकळी होते, दट्टा जरा फिरला की वाट बंद. आमच्या जुन्या वाद्यांच्या खाचा झिजलेल्या आहेत. टोपण सैल करून दट्टा फिरवायला डोळ्यांचीही गरज लागत नाही, घोंगडीखाली तर नाहीच. मी टोपणे उघडली, दट्टे जागेवर बसवले आणि ट्रम्पेट ललितच्या हाती दिला.

"फुंक."

सूर असा खणखणीत निघाला की कडुनिंबावरची पाखरे उडाली.

पण कुंदन पुढे आला. "अक्का, मना ट्रम्पेट तं घोंगडीना आधीबी वाजे नही. त्याले कोन बांधं?"

प्रश्न योग्य होता, आणि योग्य प्रश्नाला दटावून चालत नाही.

"वस्तऱ्याने," मी म्हणाले. "तुझ्या ओठावर इतकी वर्षे केसांची गादी होती. ती गेली. पितळ आता उघड्या कातडीवर टेकते आणि जागा चुकते, कडेने हवा निसटते. त्यात जखम. सुपडू वारला तेव्हा तुझ्या बापाचीही मिशी उतरवली होती. तोही बरेच दिवस असाच फुसफुसत होता. म्हणायचा, अक्का, ओठ नवा झाला, त्याला पुन्हा शिकवावे लागेल. आणि त्याने शिकवले. त्याने कोणाचे पाय धरले नाहीत."

"बिनमिशीचा माणूस कधी वाजवू शकला आहे का?" महाराज ओरडले.

"हो. तू."

मी डिंपलला कंदील त्यांच्या तोंडासमोर धरायला लावला. गुळगुळीत वरच्या ओठाच्या मध्यावर एक फिकट गोल वळ होता. वर्षानुवर्षे पितळेचे तोंड टेकवणाऱ्याच्या ओठावर असा शिक्का उमटतो. मिशीवाल्याचा झाकला जातो, हा उघडा होता. महाराजांचा हात झटकन तोंडावर गेला, आणि त्या हातानेच कबुली दिली.

ढोल वाजवणारे शालिग्राम नाना काठी टेकत जवळ आले. "अरे, पाचोऱ्याना बँडमा व्हता तो वना का तू? भाडानं वाद्य इकीसन पयना तोच ना?"

भाड्याचे वाद्य विकून पळालेला वना आताही दाराकडे वळला. दारात ललित उभा होता. जादूटोण्याविरुद्ध या राज्यात कायदा आहे, हे मी त्याला पोलीस येईपर्यंत समजावून सांगितले.

तोवर डिंपलने मुलीला आणि ज्योत्स्नाला आमच्या गाडीतून धुळ्यात देवपूरच्या बालरोगतज्ज्ञांकडे नेले होते; मागून मीही पोहोचले. तिला न्यूमोनिया झाला होता. प्राणवायूच्या नळीखाली तिची छाती उठत होती आणि बसत होती. ज्योत्स्नाने तिच्यावरची नजर हलवली नाही. डॉक्टरांनी पोट तपासले आणि म्हणाले, "डाग दिलेला नाही, हे नशीब." मी त्यांना दुरुस्त केले. नशीब नव्हते ते. कोणीतरी नाही म्हटले होते.

लोकहो, वना आम्हाला फसवू शकला, कारण अर्धी गोष्ट खरी होती. मिशी गेली की ट्रम्पेट बिघडतो, हे खरेच आहे. भोंदू नेहमी अशाच एखाद्या खऱ्या दुखण्याला धरून घरात शिरतो. दुखणे खरे आहे म्हणून त्याने सांगितलेले कारणही खरे मानू नका. कारण शोधा, वाद्य उघडून पाहा, अंगारा चाखून पाहा. ते जमत नसेल तर मूल उचला आणि दवाखाना गाठा.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कुंदनने मिरवणुकीत ट्रम्पेट वाजवला, दाढी-मिशी तुळतुळीत करून. काही सूर अजून डळमळत होते, पण ते त्याचे होते. मग मुलीला कडेवर घेऊन तो माझ्या पाया पडायला आला.

"अक्का, तुमनं देनं मी कसं फेडू?"

"तुला काही फेडायचे नाही, बाळा. माझा हितेंद्र तान्हा असताना माझ्या सासूबाईंनी असाच विळा तापवला होता. मी नवी सून, तोंड उघडायची सोय नव्हती. तुझा आजा सुपडू वाद्य न्यायला आला होता. त्याने तो विळा लाथेने उडवला, पोराला उचलले आणि धुळ्याची वाट धरली. नोकरी जाईल याची पर्वा केली नाही." मी मुलीच्या मऊ, कोऱ्या पोटावर हात ठेवला. "तुमच्या घराचे एक मूल मी देणे लागत होते. ते फिटले."