हिरवी पट्टी

पोटात जीव रुजला आणि धाकट्या सुनेनं ल्युपसच्या गोळ्याच बंद केल्या. बाळाला बाधतील, ही भीती. महिन्याभरात गालांवर फुलपाखराच्या आकाराची लाली उमटली, बोटांना वेणी घालवेना.

दवाखान्यात तपासणीच्या खोलीतल्या सिस्टर रागावल्या नाहीत. स्टूल ओढून शेजारी बसल्या.

"अगं बाळा, ल्युपस म्हणजे घरच्या राखणदारानंच घरच्यांवर काठी उगारणं. ही गोळी त्याला आवरते, बाळाला बाधत नाही. तीच सोडलीस, तर पोटातल्याला कुणाच्या भरवशावर ठेवलंस?"

डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या. सिस्टरांनी लघवीत बुडवून बघायच्या पट्ट्यांची डबी हातात दिली. "पट्टी पिवळी राहिली तर निवांत. हिरवी झाली, तर मूत्रपिंडं कुरकुरतायत. मग कुणाला विचारत बसायचं नाही, तडक यायचं."

"आम्ही काय पट्ट्या बुडवून पोरं काढली?" सोबत आलेल्या सासूबाईंनी नाक मुरडलं.

"तुमची तब्येत घोड्यासारखी होती हो, आजी. हिची नाही."

सातव्या महिन्यात एका दुपारी सुनेची पावलं सुजली.

"पोटुशीचे पाय सुजायचेच," सासूबाई म्हणाल्या.

"पुढच्या आठवड्यात तपासणीची तारीख आहेच की," नवरा म्हणाला.

एरवी मान वर न करणारी ती. उठली, पट्टी बुडवली, खिडकीच्या उजेडात धरली. हिरवी. ऊन या आजाराला बाधतं, म्हणून लांब बाह्यांचा सदरा चढवला, उन्हाची छत्री घेतली आणि निघाली. मागून सासूबाई धापा टाकत.

दवाखान्याच्या दारातच म्हणाली, "सिस्टर, हिरवी झालीय. डोकंही ठणकतंय."

रक्तदाब चढला होता. डॉक्टर आले, रक्त तपासणीला गेलं, औषधं वाढली. सिस्टरांनी पोटावर यंत्र टेकवलं. एक क्षण नुसती खरखर. सासूबाईंनी पदर मुठीत आवळला. मग ठोके आले, टपटप टपटप, पळत्या पावलांसारखे.

"मूत्रपिंडावर आजार उसळलाय," डॉक्टर म्हणाले, "पण वेळेत आलात. कुणी पाठवलं?"

"पाठवतंय कोण!" सासूबाई पुढे सरसावल्या. "आमच्या सुनेनं स्वतः ओळखलं. घरात सगळे नको म्हणत होते."

"सगळे म्हणजे?" सुनेनं हळूच विचारलं.

"गप गं तू."

दवाखान्यातला मुक्काम लांबला, पण पट्टी फिकटत गेली. दिवस भरण्याआधीच मुलगी आली. ओंजळीत मावेल एवढी, आवाज मात्र साऱ्या वॉर्डाला पुरेल असा. आईची मूत्रपिंडंही सावरली.

सासूबाई प्रत्येक खाटेपाशी थांबून सांगत सुटल्या. शेवटी सिस्टरांना गाठलंच. "बघितलंत ना, सून कुणाची आहे!"

सिस्टरांनी बाळाचं टोपडं नीट केलं. डोळे भरले होते, मान ताठ होती.

"सून तुमचीच हो, आजी. पण विद्यार्थिनी माझी."