भिंगापलीकडचा डोळा

मित्रांनो, मी एक जुने भिंग आहे आणि आज सकाळपासून माझ्या जिवाला चैन नाही. दुपारच्या एसटीने विपुल आणि त्याची बायको दीपिका पालघरला डॉक्टरबाईंकडे जाणार आहेत. विपुलच्या गोळ्या आणखी कमी करायच्या की नाहीत, ते आज ठरायचे आहे. ते दोघे निवांत चहा पीत आहेत आणि मी खिळ्याला लटकून उगाच तळमळते आहे.

आधी माझी हकीकत ऐका, म्हणजे ही तळमळ तुम्हाला कळेल. काच घासून घासून मला फुगीर केले, भोवती पितळी कडी बसवली. विपुलच्या वडिलांनी मला विकत घेतले, तेव्हा त्यांचे केस काळेभोर होते. आमच्या तारापूरच्या बाजूला घरोघरी डाय कोरतात. डाय म्हणजे पोलादाचा ठोकळा. त्यावर फुलापानांची नक्षी उलटी कोरायची आणि वर सोन्याचा पत्रा दाबायचा, की दागिना उमटतो. तांदळाच्या कणीएवढी पाकळी कोरताना माझ्यावाचून कुणाचे पान हलत नाही. माझ्या एका बाजूला हात असतो, दुसऱ्या बाजूला डोळा. दोन्ही इतक्या जवळून पाहणारे घरात मी एकटेच, आणि याचा मला तोरा आहे. मुलांनी मला उन्हात धरून कागद जाळले, तो अपमान मात्र मी अजून विसरले नाही.

वडिलांच्या पश्चात मी विपुलकडे आले. त्याचे काम वडिलांपेक्षाही बारीक होते. दोन वर्षांपूर्वी तो मनाने आजारी पडला. तीन आठवडे डोळ्याला झोप नाही, तोंडाला विसावा नाही. वडिलांनी जपलेले डाय त्याने बोईसरच्या स्टँडवर अनोळखी माणसांना वाटून टाकले. डॉक्टरबाईंनी गोळ्या सुरू केल्या आणि एक-दोन महिन्यांत आमचा विपुल परत आला.

पण त्या गोळ्यांनी त्याचा हात थरथरू लागला. चहाचा कप धरता यायचा, छिन्नी नाही. पाकळीची कड फाटायची. व्यापाऱ्याने एक डाय परत पाठवला आणि निरोप दिला, "याचा हात गेला." विपुल दिवसभर ओट्यावर बसून राहिला. दुसऱ्या दिवसापासून त्याने कुणालाही न विचारता गोळ्या बंद केल्या. दीपिकासमोर गोळी तोंडात टाकायचा आणि ती वळली की माझ्या शेजारच्या पोलादी चुऱ्याच्या डबीत थुंकायचा. मी सगळे पाहत होते.

खरे सांगू का, मित्रांनो? मला आनंदच झाला. काही दिवसांत त्याचा हात स्थिर झाला. डाय कोरणारा माणूस सगळे काही हातावरून ओळखतो. हात स्थिर झाला म्हणजे आपण बरे झालो, असे त्याने ठरवून टाकले आणि मलाही ते पटले. व्यापाऱ्याची शाबासकी आली. मग मोगऱ्याच्या फुलाचे काम मिळाले. पाच पाकळ्या पुरे होत्या. त्याने सात केल्या, मग बारा. पाकळीत पाकळी, तिच्यात वेल, वेलीवर ठिपके. एकही रेघ चुकली नाही. दुसऱ्या बाजूचा डोळा मात्र लाल होता आणि मिटतच नव्हता. मी घाबरले. पण भिंगाला ओरडता थोडेच येते?

नक्षी उलटी असते, म्हणून डाय झाला की शिशाच्या पत्र्यावर त्याचा ठसा काढून पाहतात. आमच्याकडे ते काम दीपिकाचे. तिने ठसा काढून उजेडात धरला. त्यात फूल नव्हते. नुसत्या रेघांवर रेघा होत्या, सुईच्या टोकाएवढीही मोकळी जागा नव्हती. तिने मला उचलले आणि विपुलच्या डोळ्यासमोर धरले. इतक्या वर्षांत मला असे कुणी धरले नव्हते.

"किती दिवस झोपले नाय तुमी?"

"मला गरजच नाय. हात बघ माझा, कसा दगडासारका हाय!"

"हात हाय. पण डोळ्यात तुमी नाय दिसत."

तो चिडला, ओरडला, छिन्नी फेकून दिली. मग तो ठसा हातात घेऊन बराच वेळ पाहत बसला आणि चुऱ्याची डबी त्याने आपणहून तिच्यापुढे सरकवली.

दीपिका त्याला डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली आणि तिथले बोलणे मी तिच्या पिशवीतून ऐकले. त्या रागावल्या नाहीत. "हात थरथरतो हे मला का नाही सांगितलंत?"

"सांगून काय? तुमी म्हणाल्या असत्या, सोसा. बाई, हात नाय तर मी कोण?"

बाईंनी त्याचे कागद पुढे ओढले. मग म्हणाल्या, "आपण मिळून बघू. पण एकदम बंद नाही आणि लपवून नाही. आधी सावरा. मग रक्त तपासून थोडी थोडी कमी करून पाहू. हात कसा आहे ते सांगा आणि झोप कशी आहे तेही."

तो सावरला. मग एकदा गोळी थोडी कमी केली. थरथर उणावली, पण गेली नाही.

आज सकाळी त्याने पुन्हा मोगरा कोरला. दीपिकाने ठसा काढला. फूल होते, पाच पाकळ्यांचे. पाचवी जराशी वाकडी होती. माझा जीव टांगणीला लागला. आता हा म्हणणार, आणखी कमी करा! पण त्याने मला उचलले आणि स्वतःच्या डोळ्यासमोर धरले.

"बघ, काय दिसतं?"

दीपिकाने वाकून पाहिले. "तुमी दिसता."

"मंग बाईंना सांगू, सध्या एवढ्यावरच राहू. वाकडी पाकळी चालंल मला."

मित्रांनो, मला मऊ फडक्याने पुसा, माझ्याकडून कागद जाळून घेऊ नका. आणि घरात कुणी अशा गोळ्या घेत असेल, तर कामाला लागला म्हणून माझ्यासारखे हुरळून जाऊ नका. त्याला काय सोसावे लागते तेही विचारा, म्हणजे त्याला डबीत काही लपवावे लागणार नाही.

व्यापारी ती पाकळी घेईल का? बाई काय म्हणतील? चहा संपला, आम्ही एसटीत येऊन बसलो, तरी विपुलच्या खिशात मी अजून चुळबुळते आहे. एसटी स्टँडवरच उभी आहे, आणि ती सुटायच्या आधीच विपुलचा डोळा लागला आहे.