कोपऱ्यातल्या गवताचा शाप

"बुवा, हे खरंच रक्त असेल, तर त्यावर एकही माशी कशी बसत नाही?"

अंगणात माणसांची भिंत उभी होती. सगळ्या माना प्रश्न विचारणाऱ्या भिंगरीकडे वळल्या. खरं तर प्रश्न शिंप्याच्या मुलीचा होता. "विचारून दाखव, तर तुला मानलं!" असं कुजबुजत तिनं भिंगरीच्या पाठीत कोपर खुपसलं होतं. भिंगरी हे घरातलं लाडाचं नाव. पूर्वी पाहुणे आले की ही पोर दाराआड लपायची. हल्ली मात्र तिची जीभ नावाप्रमाणे फिरायला लागली होती.

समोर स्टुलावर परात होती. परातीत भिंगरीच्या घरच्या शेताच्या कोपऱ्यातली मूठभर माती, आणि तिच्यावर शाप उतरवायला बोलावलेल्या उतारेबुवांनी बाटलीतलं पाणी ओतताच सुटलेला लालभडक ओघळ. बघणाऱ्यांची तोंडं उघडी ती उघडीच होती.

"माश्यांनासुद्धा शापाची भीती असते, बाळ," बुवा डोळे न उघडता म्हणाले. "किड्याला कळतं ते माणसाला कळत नाही! भूमी रक्त ओकते आहे. ठिपकीला सूर्य मावळायच्या आत कोपऱ्यात बांधा आणि मागं वळून न बघता परत या. जिनं शाप दिलाय, ती येऊन आपला घास घेऊन जाईल."

ठिपकी ही भिंगरीची लाडकी गाय. आई मेलेल्या त्या वासराला तिनं बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. आता ती पहिल्यांदाच व्यायला झाली होती, आणि कालपासून तिच्या नाकातून रक्त येत होतं.

शाप जुना होता. पणजोबांनी त्या कोपऱ्यात शेळ्या चारणाऱ्या एका बाईला हाकलून लावलं होतं. जाता जाता ती म्हणाली होती, "या गवताला हात लावाल, तर तुमच्या गोठ्यात रक्त वाहील." पण चारा पुरायचा नाही, म्हणून ते गवत कापावंच लागायचं. आणि रक्त वाहिलं. दर वर्षी नाही, पण काही वर्षांनी, उन्हाळा संपता संपता. गाईंच्या नाकातून रक्त यायचं, एखादी व्यायली की रक्त थांबायचंच नाही. साप निघाला तर काठीवर उचलून बाहेर सोडणारे बाबा दिवस कलल्यावर त्या कोपऱ्याकडे फिरकत नसत. काका तर तिकडे पाठ करूनच बसत. भिंगरीलाही ठाऊक होतं, तिथं गेलं की वारा नसताना गवत हलल्यासारखं वाटतं आणि मानेमागं कुणीतरी श्वास घेतं.

पण परातीतला तो लाल रंग! हा तिनं कुठंतरी पाहिला होता.

"मग गोठ्यातल्या रक्तावर माश्या घोंगावतायत, त्या काय बहिऱ्या आहेत?" ती म्हणाली. "त्यांना शाप ऐकू नाही आला?"

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. बुवांचा एक डोळा उघडला.

"आई, लिंबू!" भिंगरी ओरडली. आई बिचारी गोंधळून जागची हलली नाही, पण शिंप्याची मुलगी स्वयंपाकघरात पळाली आणि अर्धं लिंबू घेऊन आली. भिंगरीनं ते परातीत पिळलं. लाली बघता बघता विरली. उरलं नुसतं चिखलाचं पाणी.

"परातीत धुण्याचा सोडा आणि बाटलीत फिनॉल्फ्थॅलीन!" ते अवघड नाव तिनं एका दमात म्हटलं. "सोड्याला भेटलं की गडद गुलाबी, मातीत तर रक्तासारखं लाल, आंबट पडलं की गायब. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत रोज भूमी रक्त ओकते, बुवा!"

"आंबटानं शक्ती पळून जाते!" बुवा गरजले.

तेवढ्यात कुंपणावर चढलेला लंबू, म्हणजे वर्गातला सगळ्यात उंच मुलगा, ओरडला, "अहो, इकडे मागं बुवांचा टेम्पो उभा आहे! गाय चढवायची फळी लावून, दावं टांगून!"

"शापाला टेम्पो लागतो होय?" बाबा म्हणाले, आणि मग जो हशा पिकला, त्यात बुवा झगा आवरत कधी पसार झाले ते कळलंही नाही.

भिंगरीला वाटलं, जिंकलो! ती नाचतच गोठ्यात गेली. बाबा ठिपकीपाशी उकिडवे बसले होते.

"बुवा खोटा निघाला, मान्य," ते म्हणाले. "पण हे? हे कुणी सोडा टाकून काढलं, पोरी?"

टप. ठिपकीच्या नाकातून थेंब पडला. टप. दगडावर आधीचे थेंब काळे पडले होते आणि नवे त्यांच्यात मिसळत होते. तिचे मोठे ओलसर डोळे भिंगरीवर खिळले होते. गोठ्यात एक गोडसर, कुजकट वास भरून राहिला होता. दारातून तो कोपरा दिसत होता. उन्हं उतरली होती, सगळं शेत पिवळं होतं, तेवढा तुकडा मात्र आधीच अंधारलेला. तिथं कुणीतरी उभं आहे, अगदी शांत, वाट बघत, असं तिला वाटलं, आणि तिनं पटकन मान फिरवली. आजवर घरातला प्रत्येक जण फिरवायचा, अगदी तशीच.

मान फिरवल्याची तिला लाज वाटली. "डॉक्टरांना बोलवा, बाबा," ती म्हणाली. "आत्ता."

जनावरांचे डॉक्टर मोटारसायकलवर आले. त्यांनी ठिपकीच्या मानेला सुई टोचली आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. टोचलेल्या जागेतून बारीक धार लागली होती, ती थांबेना.

"रक्त गोठतच नाहीये. खायला काय घालताय?"

काकांनी पेंढी आणून दिली. डॉक्टरांनी ती मधोमध फाडली. वरून बरी दिसणारी पेंढी आतून काळी, चिकट होती, आणि तिच्यातून बुरशीचा पांढरा भुगा उडाला.

"हे कुठलं?"

आई म्हणाली, "कोपऱ्यातलं."

"हे पिवळ्या फुलांचं गवत चाऱ्याला उत्तम. पण ओलं रचलं आणि बुरशी आली, की त्यात एक विष तयार होतं. जनावराचं रक्त गोठायचं बंद होतं. तुमचे शेजारी हेच गवत घालतात, त्यांच्या गाई ठणठणीत आहेत. तुम्ही वाळवत नाही का?"

"वाळवतो की!" बाबांना रागच आला. "पसरतो, उलथतो, चांगली दोन-तीन उन्हं देतो. आम्ही काय कालचे शेतकरी आहोत?"

"बाकीच्या शेतातलं," भिंगरी हळूच म्हणाली.

तिच्या डोळ्यांसमोर कोपऱ्यातली कापणी उभी राहिली. कुणी कुणाशी बोलत नाही. विळे भराभर चालतात. दिवस कलायच्या आत हिरवंगार गवत गाडीत कोंबायचं आणि निघायचं. पसरायला थांबायचं नाही, उलथायला परत जायचं नाही. घरी आणून गंजी वेगळी रचायची, इतर चाऱ्याला तिचा स्पर्श नको म्हणून. आणि ती काढायची सगळ्यात शेवटी, बाकी सगळं संपल्यावर.

"आपण घाबरून ते ओलंच उचलतो, बाबा. काका, ज्या वर्षी बाकीचा चारा पुरतो, त्या वर्षी शाप येतो का हो?"

काकांनी बोटांवर वर्षं मोजली. "नाही येत," ते म्हणाले. "कधीच नाही आला."

ठिपकीला इंजेक्शनं सुरू झाली. कोपऱ्यातली गंजी त्याच दिवशी बाहेर काढून पुरली. पुढचे काही दिवस उठलं की प्रत्येक जण आधी गोठ्यातली फरशी बघायचा. थेंब कमी झाले, मग थांबले. ठिपकी व्यायला बसली तेव्हा आई दाराला धरून उभी होती, आणि बाबांची नजर वासराकडे नव्हती, दगडावर होती. रक्त आलं, जितकं यायला हवं तितकंच, आणि थांबलं. वासरू धडपडत उभं राहिलं, पडलं, पुन्हा उभं राहिलं. बाबांनी उपरण्यानं तोंड पुसलं, बराच वेळ पुसत राहिले.

त्या दिवशी जेवताना आई म्हणाली, "आता तो कोपरा पडीकच ठेवूया. कळलं ते कळलं. उगाच कशाला विषाची परीक्षा?"

"नाही," भिंगरी म्हणाली. "यंदा कोपरा मी कापणार."

आईनं आणि बाबांनी ताटावरून मान वर केली.

"कापणार, तिथंच पसरणार, दुसऱ्या दिवशी उलथायला जाणार, आणि वाळलं नसेल तर परत जाणार. शिंप्याची मुलगी आणि लंबू येतायत. ठरलंय आमचं."

"अगं, तुला भीती नाही वाटत?" आईनं विचारलं.

"वाटते ना! मानेवर काटा येतो. पण गवत कधी उचलायचं हे भीतीला कशाला विचारायचं? मुठीत घेऊन बघायचं. ओलं लागलं तर थांबायचं, दिवस मावळला तरी थांबायचं. त्या बाईनं एकदाच शाप दिला, बाबा. पुढं तो दर वर्षी आपणच गाडीत भरून घरी आणला. आता मी नाही आणणार. तुम्ही दोघं आलात तर बरं वाटेल. नाही आलात, तरी मी जाणार आहे."