चार हजार दारं

तीन वर्षं मी आणि माझी मैत्रीण शहरातले गल्लीबोळ पालथे घालत होतो. कुठल्या इमारतीचं दार मागून आहे, कुठला जिना थेट तिसऱ्या मजल्यावर निघतो, हे सामान पोचवणाऱ्यांना सांगणारं ॲप आम्ही बनवलं होतं. मग एका सकाळी त्या बड्या कंपनीच्या नकाशातला एआय तेच फुकटात सांगायला लागला. महिन्याभरात आम्ही गाशा गुंडाळला.

ऑफिसच्या किल्ल्या परत करून घरी आले आणि तोंडाचा पट्टा सोडला. "पैसा त्यांच्याकडे, ढीगभर यंत्रं त्यांच्याकडे, प्रत्येकाच्या खिशात त्यांचाच नकाशा! आपण काय डोंबल टिकणार?"

बाबा खिडकीपाशी फोन घेऊन बसले होते. चाळीस वर्षं त्यांनी याच शहरात दारोदार टपाल वाटलं.

"नकाशा अचूक आहे पण," ते म्हणाले. "दारं मीच सांगितली आहेत ना. निवृत्त झाल्यापासून तो रोज विचारतो, इथे मागून वाट आहे का, हा जिना कुठे निघतो. मी सांगतो. चार हजार उत्तरं झाली." त्यांनी कौतुकाने पडद्यावरचा सोनेरी बिल्ला दाखवला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आणि मला एका शब्दाने बोलला नाहीत?"

"बोललो होतो की. तुमचं ॲप सुरू झालं त्या पहिल्याच आठवड्यात म्हणालो होतो, मी येतो बरोबर, दारं दाखवतो." बाबा बिल्ल्याकडेच बघत होते. "तू म्हणालीस, बाबा, तुम्ही आता आराम करा."