ठकीच्या बुटांची धार

संघातल्या वीस मुलींपैकी मावशीची खरी भाची एकच, पण तिला मावशी म्हणायच्या वीसच्या वीस. कोचबाईसुद्धा मावशीच म्हणायच्या, आणि त्या तर वयाने चार वर्षं मोठ्या होत्या. मावशीने त्याचं कधी वाईट वाटून घेतलं नाही. अठरा वर्षं ती या संघाच्या स्केटना, म्हणजे बर्फावरच्या पातं लावलेल्या बुटांना, धार लावत होती आणि अठरा वर्षांत एकही बूट तिच्याकडे तक्रार घेऊन परत आला नव्हता. हे ती दिवसातून दोनदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायचीच.

खरी भाची म्हणजे ठकी, संघाची गोलकीपर. सतरा वर्षांची, मावशीच्या मोठ्या बहिणीची मुलगी. गेल्या वर्षी तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, गुडघा ठणठणीत आहे. आई म्हणाली, पुरे झालं आता हे आइस हॉकीचं खूळ. ठकीचा डॉक्टरांवर विश्वास बसत नव्हता आणि आईचं ऐकायची तयारी नव्हती. शेवटी मायलेकींमध्ये ठरलं, की एवढी मुलींची राष्ट्रीय युवा स्पर्धा खेळून बघायची. गुडघ्याने साथ दिली तर पुढे खेळायचं, नाहीतर बूट कायमचे खुंटीला टांगायचे. त्यानंतर पाच सामने ठकीने जीव मुठीत धरून काढले आणि संघाला अंतिम सामन्यापर्यंत आणलं.

अंतिम सामना दुपारी दोनचा होता. मावशी नेहमीसारखी खेळाडूंच्या बाकामागे खांद्यावर फडकं टाकून उभी राहिली. पहिल्या दहा मिनिटांतच ठकीवर दोन गोल चढले, आणि दोन्ही एकाच तऱ्हेने. समोरच्या मुलींनी पक, म्हणजे ती रबरी चकती, एका बाजूकडून झटकन दुसऱ्या बाजूला दिली. ठकी आडवी सरकायला गेली आणि मध्येच अडखळली. बाकी काम पकने केलं.

गेला गुडघा, असंच मावशीला वाटलं. वर प्रेक्षकांत तिची बहीण तोंडाला हात लावून बसली होती. सकाळपासून तिने तीनदा ऐकवलं होतं, "माझ्या पोरीला काही झालं तर मी तुलाच विचारीन." जणू ऑपरेशन मावशीनेच केलं होतं.

पण मावशी डोळ्यांपेक्षा कानांनी जास्त बघायची. गोलकीपर आडवी सरकते तेव्हा बर्फावर लांब, सलग खरवडल्याचा आवाज येतो. आज तो तुटक येत होता. ठकी उजवीकडे गेली तरी तुटक, डावीकडे गेली तरी तुटक. गुडघा तर एकच कापला होता. मग अडत होते दोन्ही पाय, ते कसे?

तेव्हा मावशीला कालची संध्याकाळ आठवली.

स्केटच्या पात्याला खालून एक लांब पन्हळ असते. पन्हळ खोल असली की कडा बर्फात रुततात आणि धावणाऱ्या मुलींना जोर मिळतो. गोलकीपरला मात्र पन्हळ उथळ हवी, कारण तिला सारखं आडवं सरकायचं असतं. म्हणून धार लावणाऱ्या मशीनचा दगड मावशी हिऱ्याच्या टोकाने दोन तऱ्हांनी घडवायची, धावणाऱ्यांसाठी एक आणि गोलकीपरसाठी दुसरी. त्यात तिने स्वतःची एक सोय करून ठेवली होती. संध्याकाळी गोलकीपरचे बूट सगळ्यांत शेवटी घ्यायचे आणि सकाळी तेच सगळ्यांत आधी, म्हणजे दगड एकदा कमी घडवावा लागतो. काल सगळं आवरल्यावर कॅप्टन गोलच्या खांबावर आपटून बोथट झालेलं पातं घेऊन आली. मावशीने तिला चार शिव्या हासडल्या, दगड खोल पन्हळीसाठी घडवला, धार लावून दिली आणि दिवा मालवून गेली. आज सकाळी आली, सवयीने ठकीचे बूट उचलले आणि त्याच दगडावर धरले. नखावर कड ओढून धार तेवढी पाहिली. धार उत्तम होती. पन्हळ बघायचं तिच्या डोक्यातही आलं नाही.

सामन्याच्या तीन भागांतला पहिला संपला आणि विश्रांतीची शिट्टी झाली. मुली खाली माना घालून कपडे बदलायच्या खोलीत गेल्या. मावशी मागोमाग चालत होती आणि तिच्या मनात एक चोरटा विचार आला. गुपचूप बूट मागून घ्यावेत, जरा हात फिरवते म्हणावं आणि पन्हळ उथळ करून द्यावी. अठरा वर्षांची अब्रूही राहील आणि कामही होईल. कोण विचारायला बसलंय?

खोलीत शिरली तर ठकी बाकावर बसून बुटांचे बंद सोडत होती. कोचबाई राखीव गोलकीपरला सांगत होत्या, "पुढचा सगळा वेळ तू उभी राहायचंस." ती पोरगी पांढरीफटक पडली होती.

ठकीने वर बघितलं. डोळे कोरडे होते, आणि तेच मावशीला जास्त लागलं. "आईला सांग गं मावशी," ती म्हणाली, "मी सोडलं म्हणून. नाही व्हायचं या पायाने. तिचंच खरं होतं."

झालं. मावशीची अब्रू तिथेच गळून पडली.

"बाई, थांबा," ती मोठ्याने म्हणाली. "हिच्या गुडघ्याला काही झालेलं नाही. माझी चूक आहे. मी हिच्या पात्यांना तुमच्या धावणाऱ्या मुलींची पन्हळ पाडलीय. दोन्ही पात्यांना. असल्या बुटांवर कुठलीच गोलकीपर सरकू शकणार नाही."

कोचबाईंनी मावशीकडे असं बघितलं, की तिला वाटलं आता आपलं बिऱ्हाड हललं.

"किती वेळ लागेल?" बाईंनी विचारलं.

"दहा मिनिटं."

"आठच आहेत."

"मग आठ."

ठकी मात्र अजून तशीच बसली होती, हातात बंद धरून. "म्हणजे डावाही त्यामुळेच अडत होता?" तिने हळूच विचारलं.

"मग काय तर!"

"अगं, मला वाटलं आता डावाही गेला!" असं म्हणून ती हसायला लागली, आणि हसता हसता कोरड्या डोळ्यांना धार लागली. कॅप्टन म्हणाली, "एकही बूट परत आला नाही म्हणे!" तशी सगळी खोली हसली. मावशीने तिच्याकडे बघण्यातही वेळ घालवला नाही. बूट काखेत मारून ती पळाली.

मशीन सुरू करून तिने दगड नव्याने घडवला आणि एकेक पातं त्यावरून ओढत राहिली. खोल पन्हळ उथळ करायची म्हणजे बराच लोखंडी चुरा काढावा लागतो. ठिणग्या मनगटावर उडत होत्या. शेवटी तिने पन्हळ दोनदा बघितली, तिसऱ्यांदा बोट फिरवून चाचपली आणि आठव्या मिनिटाला बूट ठकीच्या पायांत सरकवले. बंद बाईंनी बांधले.

पुढच्या दोन्ही भागांत ठकीने एकही गोल होऊ दिला नाही. संघाने रडतखडत तीन गोल केले. शेवटचं मिनिट राहिलं आणि पुन्हा तेच झालं. पक या बाजूकडून त्या बाजूला गेली. ठकी लांब आवाज करत सरकली, आडवी पडली, पक तिच्या पॅडवर आपटून समोरच्याच मुलीच्या काठीवर गेली, आणि दुसरा फटका यायच्या आत ठकी उठून उभी होती. तो फटका तिने छातीवर घेतला.

शिट्टी झाली. मुली बर्फावर एकमेकींच्या अंगावर कोसळल्या. मावशी मात्र मटकन बाकावर बसली आणि फडक्यात तोंड खुपसून रडायला लागली.

थोड्या वेळाने त्या ढिगाऱ्यातून सुटून ठकी कठड्यापाशी आली. "मावशी, रडतेस काय? जिंकलो ना! बाई नाही रागावणार आता."

"बाई गेल्या उडत," मावशी नाक पुसत म्हणाली. "ऑपरेशन झाल्यापासून पडलीस की डाव्या पायावर उठतेस तू. वर्षभर बघतेय मी. आणि आत्ता उठलीस ती उजव्यावर."

ठकीने खाली आपल्या पायाकडे बघितलं.

"कधी?" तिने विचारलं.